दारातली वायर

विनोद आणि पीयूष यांची गाठ एका साखरपुड्यात पडली. मुलीकडच्यांनी फोटोंसाठी विनोदला सांगितलं होतं, मुलाकडच्यांनी पीयूषला, आणि दोघेही एकाच वेळी एकाच कोपऱ्यात स्टँड लावायला गेले. भांडण व्हायचं ते झालं नाही. विनोदचा फ्लॅश ऐन वेळी पेटेना, तेव्हा पीयूषने आपला काढून दिला. दोन तास तो फ्लॅश या कॅमेऱ्यावरून त्या कॅमेऱ्यावर फिरत राहिला आणि जेवायला बसेपर्यंत दोघांचं ठरलंही, की यापुढे लग्नं मिळून घ्यायची.

विनोद तलासरीच्या पुढे एका पाड्यावर राहायचा. वारली घरातला, बारावीपर्यंत शिकलेला. त्याचा कॅनन जुना होता, एका स्टुडिओवाल्याने धंदा गुंडाळताना दिलेला. पीयूष डहाणूचा. आशागडच्या रस्त्याला त्यांची चिकूची वाडी होती, आणि त्याच्याकडे नवा सोनी होता. वडिलांना हा नाद पसंत नव्हता, पण मुलगा चिकूच्या हंगामात वाडीत उभा राहतो म्हणून ते गप्प असायचे.

दोन कंपन्यांचं सामान एकत्र नांदवताना पहिल्या हंगामात बरीच गंमत झाली. मेमरी कार्ड, माइक, लाइटचे स्टँड दोघांनाही चालायचे. ट्रायपॉडची प्लेट सारखीच. फ्लॅशही चालायचा, फक्त दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर सगळं हाताने बसवावं लागायचं. अडायचं ते बॅटरीपाशी. याची बॅटरी त्याच्या खाचेत जायची नाही. आणि विनोदच्या बॅटऱ्या तर म्हाताऱ्या झालेल्या. एक इतकी फुगली होती, की कॅमेऱ्यातून काढताना नखं रुतवून ओढावी लागे.

त्यावर इलाज पीयूषने काढला. त्याने व्हिडिओवाले वापरतात तसली विटेएवढी मोठी बॅटरी घेतली. तिला दोन तोंडं होती. प्रत्येक तोंडातून एक वायर निघायची आणि वायरीच्या टोकाला एक खोटी बॅटरी, एक कॅननच्या खाचेत बसणारी, एक सोनीच्या. आता एकाच विटेवर दोघांचे कॅमेरे तासन्‌तास चालणार होते. वायरी आखूड होत्या, म्हणून कॅननची वायर त्याने वापीच्या एका कारागिराकडून चांगली चार-पाच हात लांब करून आणली. विनोदला ती दाखवताना तो इतका खूश होता, की जणू स्वतःसाठीच काही आणलंय. खरं तर सोनीला ती वीट लागत नव्हती. त्याच्या स्वतःच्या बॅटऱ्या नव्या होत्या. हे सगळं त्याने विनोदसाठी केलं होतं, आणि विनोदला ते कळत होतं.

त्या वैशाखात चैत्याच्या मुलाचं, नविनचं लग्न निघालं. चैत्या विनोदच्या पाड्यावरचाच, लांबच्या नात्यातला. नविन वापीला कंपनीत कामाला होता. त्याने विनोदला आधीच सांगून ठेवलं होतं, की डान्स, जेवण, वरात राहिली तरी चालेल, पण बायजाआजीचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत यायला पाहिजे, मध्ये तुटता कामा नये.

बायजाआजी त्या भागातली जुनी धवलेरी. वारल्यांची लग्नं भटजी लावत नाही, धवलेरी लावते. भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या लग्नाच्या चौकासमोर बसून ती गात जाते आणि त्या गाण्यातच लग्न लागत जातं. बायजाला येत होतं तेवढं गाणं आता आणखी कोणाला येत नव्हतं. तिच्या हाताखाली शिकलेली रूपी होती, पण तीही मध्येच थांबून आजीच्या तोंडाकडे बघायची.

लग्नाच्या दिवशी दुपारी चैत्याच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. घर अर्धं विटांचं, अर्धं कुडाचं. आतल्या खोलीत चौक काढलेला, समोर बायजा, नवरा-नवरी आणि बाया. बाहेरच्या ओटीवर पुरुष आणि पोरंटोरं. मधे एकच दार. पीयूषचा कॅमेरा आत कोपऱ्यात लावला, चौक आणि बायजा दोन्ही दिसतील असा. विनोदचा ओटीवर, दारातून आतली गर्दी आणि नवरा-नवरीची पाठ दिसावी म्हणून. अंगणात डीजेवाल्याने वीज ओढलेली, त्यामुळे घरातला दिवा मिणमिणत होता. त्या विजेवर काही लावण्यात अर्थ नव्हता. वीट आतल्या ट्रायपॉडला लटकवली. विनोदच्या कॅमेऱ्याची वायर दारातून बाहेर काढायची होती.

या बाजूच्या पाड्यांवर दाराचा एक नियम आहे. तो कुणी शिकवत नाही, पण धरणीचे हादरे सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या पोरालाही ठाऊक आहे. दाराच्या वाटेत काही ठेवायचं नाही. हंडा नाही, चप्पल नाही, झोपायचं तर डोकं दाराकडे करून. आधी जमिनीच्या पोटातून आवाज येतो, मग भांडी वाजतात, आणि भांडी वाजेपर्यंत माणूस अंगणात पोचलेला असतो. हादरे कधी महिनोन्‌महिने येत नाहीत, कधी आठवड्यात चार येतात. त्या वर्षी ते बरेच दिवस आले नव्हते.

पीयूषने वायर हातात धरून दाराकडे पाहिलं.

"वरून घ्यायची का? चौकटीवरून?" त्याने विचारलं.

विनोदने आत बघितलं. बायजा पदर सारखा करून बसली होती. चिकटपट्टी गाडीत होती, गाडी रस्त्याला होती. शेणाने सारवलेल्या कुडावर ती चिकटलीही नसती.

"नको, आजी बसली. टाक खालूनच," विनोद म्हणाला. मग त्याने स्वतःच वायर घेतली, उंबऱ्यावरून खाली सोडली, वर एक गोणपाट अंथरलं आणि ओटीवर जाऊन आपल्या कॅमेऱ्यात खोटी बॅटरी बसवली. बायजाने गायला सुरुवात केली.

गाणं बराच वेळ चाललं. दोन्ही कॅमेरे चालू होते, लाल दिवे लागलेले. विनोदला मनातून बरं वाटत होतं. बॅटरीचा काटा भरलेलाच होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचं लक्ष त्या काट्याकडे नव्हतं, समोरच्या माणसांकडे होतं.

मग जमिनीतून आवाज आला. लांब कुठे सुरुंग लावावा तसा, पण पायाखालून. मडकी वाजली. कोणी ओरडायच्या आत सगळं घर उठलं. बाया पोरांना काखेत मारून दाराकडे धावल्या. नविनने नवरीचा हात धरला. पहिली पाच-सहा माणसं गोणपाटावरून पार झाली. मग कुणाच्या तरी पायाने गोणपाट सरकलं आणि वायर वर आली, घोट्याएवढी, ताणलेली. आतला ट्रायपॉड त्या झटक्याने आडवा झाला. बायजा सगळ्यांत शेवटी उठली होती. तिचा पाय वायरीत गेला आणि ती उंबऱ्यावरून बाहेर, ओटीच्या दगडी पायरीवर कुशीवर पडली.

हादरा तेवढाच होता. घराला चीरही गेली नाही.

पीयूष आतून धावत आला. त्याचा कॅमेरा जमिनीवर पडून लेन्स फुटली होती. त्याने तिकडे पाहिलंही नाही. तो पायरीवर बसला आणि त्याने बायजाचं डोकं मांडीवर घेतलं. ती ओरडत नव्हती. ओठ घट्ट दाबून धरले होते आणि एक पाय बाहेरच्या बाजूला भलताच वळला होता. माणसं भोवती जमली. चैत्याने खाली वाकून वायर उचलली, हातात धरून वर केली.

"ही कोणाची?"

विनोद दोन पावलांवर उभा होता. वायरीचं एक टोक त्याच्याच कॅमेऱ्यात होतं.

"पीयूषची," तो म्हणाला.

त्यात खोटं काहीच नव्हतं. वायर पीयूषचीच होती. पण चैत्याने जे विचारलं होतं ते हे नव्हतं, आणि ते त्या दोघांनाही कळत होतं. पीयूषने मान वर करून विनोदकडे पाहिलं. विनोद आणखी काही बोलेल म्हणून थोडा वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "माझी गाडी रस्त्याला आहे. खाट आणा कोणीतरी."

गर्दीतला एक म्हातारा बाजूच्याला म्हणाला, की बाहेरच्या माणसाला दाराचं काय ठाऊक, आपल्यातल्याने असं केलं नसतं. ते विनोदने ऐकलं. त्याने मान खाली घातली. लोकांना वाटलं, मित्रासाठी त्याला वाईट वाटतंय.

खाटेवर घालून बायजाला गाडीपर्यंत नेलं. पीयूष तिला घेऊन कासाच्या दवाखान्यात गेला, सोबत रूपीचा नवरा. विनोदही निघाला होता, पण नविनने त्याला थांबवलं. लग्न अर्धं राहिलं होतं, ते तसं टाकता येत नाही. शेजारच्या पाड्यावरून दुसरी धवलेरी बोलावली, रूपीने तिला साथ दिली आणि उरलेलं लग्न उन्हं उतरेपर्यंत अंगणात लागलं. विनोदने ते सगळं घेतलं. मोठी वीट आता त्याच्या एकट्याच्या कॅमेऱ्याला होती. ती संपली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने ती वायरीसकट एका पोराकरवी पीयूषच्या घरी पाठवून दिली.

बायजाचा खुबा मोडला होता. कासाहून पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तिथे ऑपरेशन झालं. पीयूष दोन दिवस तिथेच होता. विनोद तिसऱ्या दिवशी जाऊन आला. तेव्हा पीयूष नुकताच घरी गेला होता, आणि तो नाही हे पाहून विनोदला हलकं वाटलं. आपल्याला हलकं वाटलं याचीच मग घरी येईपर्यंत त्याला लाज वाटत राहिली.

बायकोला, कविताला त्याने त्या रात्री सांगायचं ठरवलं, पण सांगितलं नाही. पाड्यावर एक गोष्ट पक्की होऊन गेली होती. डहाणूवाल्याने दारात वायर टाकली आणि आजीचा पाय गेला. पोराला दोष कोणी फार देत नव्हतं. एवढंच म्हणत, की आता लग्नाला त्याला आणू नको, तू एकटाच ये. जूनच्या आधीची दोन लग्नं विनोदने एकट्याने केली, आपल्या म्हाताऱ्या बॅटऱ्या बदलत बदलत. दुसऱ्या लग्नात नवरी माहेरच्या उंबऱ्यातून निघाली तेव्हा त्याचा कॅमेरा बंद पडलेला होता.

पावसाच्या तोंडावर पीयूषचा फोन आला. सामान वाटून घेऊ, एवढंच तो म्हणाला. विनोद वाडीवर गेला. चिकू भरायच्या शेडमध्ये पीयूषने सगळं मांडून ठेवलं होतं. स्टँड, लाइटच्या छत्र्या, माइक, कार्डांची डबी. कोणाचं काय हे दोघांनाही नीट आठवत नव्हतं. एक स्टँड विनोद म्हणाला तुझा, पीयूष म्हणाला तुझा, आणि तो तसाच मधे उभा राहिला. पीयूषची आई चहा देऊन गेली. विनोदने लेन्सचं विचारलं. दुरुस्तीला दिली होती, होत नाही म्हणाले.

शेवटी ती वायर राहिली. पीयूषने ती गुंडाळून रबर लावून ठेवली होती.

"वायर माझी होती, हे खरंय," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "दारात कोणी टाकली?"

विनोद वायरीचं रबर काढून पुन्हा लावत बसला.

"मी तुला विचारलं होतं वरून घ्यायची का. तुमच्याकडे दाराचं एवढं असतं, हे मला नंतर दवाखान्यात कळलं, रूपीच्या नवऱ्याकडून. तुला तर ठाऊक होतं."

"मला वाटलं, बरेच दिवसांत हादरा नाही."

"ते मला का सांगतोस? त्यांना सांगायचं होतंस."

मग तो वजनकाट्यापाशी गेला आणि गड्यांशी गुजरातीत काहीतरी बोलू लागला. विनोदने आपलं सामान पिशवीत भरलं. मधला स्टँड त्याने तिथेच सोडला. नंतर कळलं, तो खरं तर विनोदचाच होता.

पाऊस सुरू झाल्यावर बायजाला घरी आणली. विनोद तिला बघायला जायचं रोज पुढे ढकलत होता. शेवटी कविताच म्हणाली, की सगळा पाडा जाऊन आला, तुम्हीच कसे गेला नाहीत, आजी विचारत होती. मग तो गेला. बायजा ओटीवर खाटेवर पडलेली होती. बाजूला चालायची लोखंडी चौकट होती, चार पायांची, नवी कोरी. रूपी खाली बसून गाण्याचा एक तुकडा म्हणत होती आणि बायजा डोळे मिटून ऐकत होती. चुकलं की बोटाने खाट ठोकायची. विनोद आला तशी रूपी उठून आत गेली.

त्याने तब्येतीचं विचारलं. ती म्हणाली, बसता येत नाय मांडी घालून. डॉक्टर म्हणाला, आता कधीच नाय येणार. चौकासमोर खुर्चीवर बसून काय लग्न लावणार? ती हे रडत सांगत नव्हती. यंदा भात उशिरा लागलं असं सांगावं तसं सांगत होती.

विनोदला वाटलं, उठून जावं. तेवढ्यात ती म्हणाली, "तू वायर टाकलीस तवा मी बघत होते."

उठायला निघालेला विनोद पुन्हा खाली टेकला.

"बघत होते, आणि मनात म्हटलं, या पोराला सांगावं दारातून नको नेऊ. पण गाणं तोंडात आलं होतं. गाणं सुरू झालं, की मधे दुसरं बोलता येत नाय. मग म्हटलं, झालं की सांगू." तिने कूस बदलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "तेवढं माझंबी चुकलंच."

"आजी, मग तू कोणाला सांगितलं का नाहीस?"

"कोणी इचारलं नाय. ज्याला त्याला वाटतं, या म्हातारीला काय दिसतंय." थोडं थांबून ती म्हणाली, "तो पोरगा येतो. दर खेपेला दवाखान्यात तोच नेतो. भाड्याच्या जीपमध्ये पाय लांब करता येत नाय ना. त्याने कधी तुझं नाव काढलं नाय."

पीयूष येतो हे विनोदला माहीतच नव्हतं. पाड्यावर सगळ्यांना माहीत होतं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्या दोघांचं बिनसलंय एवढं लोकांना कळत होतं, आणि ते लोक आपापल्या परीने अर्थ लावत होते. बिनसलं ते विनोदच्या बाजूने, आजीच्या पायासाठी, असं त्यांना वाटत होतं.

तिथून विनोद घरी गेला नाही. तो तसाच पावसात चैत्याकडे गेला. चैत्या ओटीवर नांगराची दोरी वळत बसला होता, त्याच पायरीच्या वर. विनोद उभ्याउभ्याच बोलला. वायर पीयूषची, पण दारातून मी नेली. त्याने वरून नेऊ म्हटलं होतं, मीच नको म्हटलं.

चैत्याने दोरी वळायची थांबवली नाही. आत नविनची बायको भाकरी थापत होती, तो आवाज थांबला होता.

"त्या दिवशी मी हेच विचारलं होतं," चैत्या म्हणाला.

"हो."

"त्या पोराला आम्ही घरात पाणीसुद्धा विचारलं नाय नंतर. तो आजीला न्यायला येतो आणि गाडीतच बसून राहतो." त्याने दोरी बाजूला ठेवली. "मी सांगू लोकांना, की तू सांगतोस?"

विनोद म्हणाला, मी सांगतो. आणि त्याने सांगितलं. शाळेच्या पडवीत माणसं रेशनच्या कामासाठी जमली होती तिथे सांगितलं. कुणी त्याला शिव्या दिल्या नाहीत. एक-दोघं उठून गेले. बाकीचे पुन्हा रेशनचं बोलू लागले. पुढच्या हंगामातल्या पाड्यावरच्या लग्नांना उधवा गावाकडचा कोणी फोटोग्राफर ठरला. विनोदला कोणी नाही म्हटलं नाही, फक्त कोणी बोलावलं नाही. आठवड्यातले तीन दिवस तो वाणगावला एकाच्या झेरॉक्सच्या दुकानात पासपोर्ट फोटो काढायला जाऊ लागला.

पीयूषला त्याने फोन केला नाही. काय म्हणणार होता तो? श्रावण संपता संपता आजीला पुन्हा कासाला न्यायचं होतं. रूपीने दिवस सांगितला. विनोद त्या सकाळी जाऊन आजीच्या ओटीच्या कडेला उभा राहिला. गाडी आली. चैत्या रस्त्यापर्यंत पुढे गेला आणि पीयूषला घरात घेऊन आला. पाणी दिलं, काळा चहा दिला. पीयूषने विनोदला पाहिलं, पण तो आधी आजीशी बोलला.

मग तो म्हणाला, "ऐकलं मी. रूपीच्या नवऱ्याने सांगितलं."

विनोदला जे बोलायचं होतं ते त्याने वाटेत दहा वेळा जुळवलं होतं. त्यातलं काही आठवेना. "मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं," तो म्हणाला.

"पाहिजे होतं."

"पुढच्या हंगामात..."

"विनोद, माझ्या मनातून ते गेलेलं नाही अजून," पीयूष म्हणाला. "जाईल की नाही, ते मला पण माहीत नाही. ते आत्ता नको विचारू."

आजीला खुर्चीवर बसवलं होतं. रस्त्यापर्यंतची वाट चिखलाची होती, एकट्याने उचलणं शक्य नव्हतं. पीयूषने खुर्चीचे एका बाजूचे पाय धरले आणि दुसऱ्या बाजूकडे मानेने खुणावलं. विनोदने ती बाजू धरली. दोघांची उंची सारखी नव्हती, त्यामुळे खुर्ची एका अंगाला कलत होती. आजी म्हणाली, हळू, मी काय पळून नाय चालले. वाटेत दोनदा थांबावं लागलं. गाडीत मागची सगळी सीट तिच्या पायालाच लागली. पुढे रूपी बसली. पीयूषने गाडी चालू केली, काच थोडी खाली केली आणि विचारलं, "येतोस?"

गाडीत जागा नव्हती हे दोघांनाही दिसत होतं.

"मोटरसायकल घेऊन येतो मागून," विनोद म्हणाला.

पीयूषने मान हलवली आणि गाडी काढली. विनोद घरी जाऊन किल्ली घेऊन आला. चारोटीच्या आधी त्याला ती गाडी पुढे दिसली. आजीचा पाय हिंदकळू नये म्हणून पीयूष ती अगदी हळू चालवत होता. मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवत पुढे जात होते. विनोदने मोटरसायकलचा वेग कमी केला आणि तो गाडीच्या मागेच राहिला.